अर्चना, आम्ही आणि जिलेबीचं ‘नको’

आमच्या मसाल्याच्या कंपनीत एक नियम आहे. जो माल बाहेर जाईल, त्यातली एकेक बाटली लॅबच्या कपाटात ठेवायची. उद्या कुणी तक्रार केली, तर काढून बघता आली पाहिजे. मुदत संपली की ती फेकायची असते, पण फेकवत नाही हो! हळद, धने, काळा मसाला, सगळं गर्दी करून बसलेलं असतं. किश्श्यांचं तसंच आहे. आम्ही चौघी त्या लॅबमध्ये इतकी वर्षं आहोत की झाकण उघडलं की कुठला ना कुठला वास येतोच.

चौघी म्हणजे कोण, ते आधी सांगते. वंदनाताई सगळ्यांत मोठ्या, रोज फुलंब्रीहून येतात. शबाना शहरातली, औरंगपुऱ्याच्या मागची, बोलायला लागली की आपण फक्त ऐकायचं. मी मंजू, माझ्याबद्दल त्या तिघी सांगतील. आणि अर्चना, मूळची सोयगावची, शेतकऱ्याघरची. सकाळी चितेगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आम्ही तिघी कलकल करतो आणि अर्चना कानात कापूस घालून खिडकीबाहेर बघते. आज जे आठवतंय, ते बहुतेक तिचंच आहे.

*

दिवाळीच्या फंक्शनला आमच्या मॅनेजरांची, जोशी साहेबांची बायको सगळ्यांना भेटत होती. जोशी वहिनी म्हणजे गोड बाई. प्रत्येकीला म्हणत होत्या, “या ना एकदा घरी जेवायला! कुठल्याही रविवारी या, अगदी न सांगता या!”

आम्ही म्हटलं, “हो हो, येऊ ना!” आणि विसरलो.

अर्चना पुढच्या रविवारी गेली. न सांगता.

तिचा नवरा प्रकाश तिला समजावत होता, “अगं, तसं म्हणायची पद्धत असते फक्त.” त्यावर ती म्हणाली, “मग जायचं कुठल्या रविवारी?” मग काय, तो बिचारा स्कूटरवर तिला उल्कानगरीत साहेबांच्या घरी सोडून आला!

दार उघडलं तर वहिनींच्या डोक्याला मेंदी थापलेली आणि साहेब बनियनवर. अर्चना म्हणाली, “वहिनी, आले जेवायला. नाश्ता केला नाहीये.”

घरात खिचडी होती. तीच वाढली. अर्चनानं पोटभर खाल्ली, मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, ताट उचलून ठेवलं, “झालं, निघते” म्हणाली आणि निघाली. दारात उभं राहून बायका अजून अर्धा तास बोलतात, तो भागच नाही!

सोमवारी आम्ही धास्तावलेल्या. साहेब आले, अर्चनासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, आमच्या हिनं विचारलंय की परत कधी येताय.”

मग हळूच आम्हाला म्हणाले, “लग्न झाल्यापासून ती सगळ्या जगाला ‘या’ म्हणतेय. आलेली ही पहिलीच!”

*

वंदनाताईंच्या मुलीचा साखरपुडा फुलंब्रीला घरीच होता. मुलाकडची माणसं पंगतीला बसली. आम्ही लॅबवाल्या वाढायला. अर्चनाकडं जिलेबीचं पातेलं दिलं, कारण ती सांडत नाही.

आता पंगतीत काय असतं, तुम्हाला माहीत आहे. पाहुण्यानं ताटावर हात धरायचा, “नको, नको, आता अजिबात नको” म्हणायचं. आपण “अहो घ्या हो, एकच घ्या” म्हणत हाताखालून सरकवायची. मग त्यानं “अरे अरे” करायचं आणि खायची.

मुलाच्या वडिलांनी ताटावर हात धरला. “नको, नको ताई, पोट भरलं!”

“बरं,” अर्चना म्हणाली आणि पुढं गेली.

त्यांचा हात तसाच ताटावर. मान मात्र वळलेली, पातेल्याच्या मागं मागं! पुढचा, त्याच्या पुढचा, सगळे ‘नको’ म्हणाले. एका रांगेत अर्चनानं अख्खी सोयरीक उपाशी उठवली.

वंदनाताई स्वयंपाकघरात कपाळावर हात मारून बसल्या. “आर्चना, काय केलंस गं माय! इवाई उपाशी उठला की! पोरीचं लगीन मोडंल ना!”

“ताई, ते नको म्हणाले.”

“अगं, जिलेबीला नको म्हणजे नको नसतं!”

अर्चनानं खूप विचार केला. मग विचारलं, “फक्त जिलेबीला का?”

लग्न काही मोडलं नाही. पण लग्नाच्या पंगतीत तेच व्याही बसले होते. लांबून अर्चना पातेलं घेऊन येताना दिसली, तसं त्यांनी ताट दोन्ही हातांनी उचललं आणि ओरडले, “ताई, मला पाहिजे बरं का! मी नको म्हटलेलं नाही!”

*

एक किस्सा हसण्यातला नाही, पण तो मध्ये आला नाही तर पुढचं कळायचं नाही.

दुपारी डबे उघडले होते. अर्चनाच्या डब्यात नेहमीप्रमाणं बटाट्याची कोरडी भाजी आणि ज्वारीची भाकरी, भाजी भाकरीला लागू नये म्हणून मध्ये वाटी. विषय निघाला पाठवणीचा. आपापल्या लग्नात कोण किती रडलं!

शबाना म्हणाली, “मैं तो इत्ता रोई, इत्ता रोई, के मेरा दूल्हा घबरा को बोला, चलो वापस छोड को आता मैं!”

वंदनाताईंनी म्हणे माहेरच्या बैलाच्या गळ्यात पडून रडून घेतलं होतं. मी तर सिडकोतून सिडकोतच लग्न करून आले, तरी रिक्षात हुंदके देत होते. रिक्षावाला मागं वळून वळून बघत होता!

“मी नाही रडले,” अर्चना म्हणाली.

आम्ही हसलो. ती हसली नाही.

“सगळा मांडव रडत होता. माझ्या डोळ्यात पाणी नव्हतं. कुणीतरी म्हणालं, ही पोरगी नाय, दगड आहे. मायनं ते ऐकलं. तेव्हापासून मी माहेराहून निघाले की माय दारात येत नाही. मी पिशवी उचलली की ती आत निघून जाते. मी अंगणातून ‘येते गं माय’ म्हणते. आतून काही आवाज येत नाही.”

वंदनाताईंनी आपला डबा बाजूला सरकवला.

“मला मायला सांगायचंय की मी दगड नाही,” अर्चना भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. “पण मलाच नक्की माहीत नाही ना.”

शबानानं तिचा हात धरला नाही, कारण अर्चनाला ते आवडत नाही. तिनं आपल्या डब्यातलं केळं उचलून अर्चनाच्या डब्याशेजारी ठेवलं, डब्याला न लावता.

*

महिला दिनाला आमच्या कंपनीत प्रत्येकीला एक स्टीलचा डबा मिळतो आणि तो घ्यायला एक व्याख्यान ऐकावं लागतं. त्या वर्षीचा विषय होता, मुलांमधला ऑटिझम कसा ओळखावा.

बाई चांगल्या बोलत होत्या. “अशी मुलं बोललेल्याचा सरळ अर्थ घेतात.” शबानानं मला कोपर मारलं. “रोज एकच पदार्थ खातात, पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत.” वंदनाताईंनी मान वळवली. “मोठा आवाज सहन होत नाही. मिठी मारलेली आवडत नाही. लोकांना वाटतं, हे मूल आखडू आहे, त्याला कुणाचं प्रेम नाही. खरं तर तसं नसतं.”

आम्ही तिघी अर्चनाकडं बघत होतो. अर्चना समोर बघत होती. कानातला कापूस तिनं काढून हातात घेतला होता.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि तिनं हात वर केला. कधी नव्हे ते!

“हे मोठेपणी जातं का?”

“नाही. राहतं. माणूस जुळवून घ्यायला शिकतो.”

“मग ही मुलं मोठी होऊन कुठं जातात?”

बाईंनी ग्लास उचलला. पाणी प्यायल्या. “प्रश्न फार चांगला आहे,” म्हणाल्या.

शबाना हळू म्हणाली, पण तिचं हळू म्हणजे मागच्या रांगेपर्यंत, “हमारी लॅब में आते ना, मॅडम!”

हॉल हसला. परतीच्या बसमध्ये अर्चना पहिल्यांदा माझ्या शेजारी येऊन बसली. “मंजू, हळद पिवळी दिसते म्हणून आपण पास करतो का?”

“नाही. टेस्ट करतो.”

“मग मला पण टेस्ट करून घ्यायचीये.”

*

टेस्ट करणारं कोण, हे शोधण्यात किती फोन केले त्याची गणती नाही. एका सेंटरची पाटी बरी वाटली. अर्चनानं फोन स्पीकरवर ठेवला, कारण कानाला लावला की तिला गुदगुल्या होतात.

“पेशंटचं वय?” पलीकडची मुलगी.

“अडतीस.”

“ओके, अडतीस महिने. येताना बाळाचं आवडतं खेळणं घेऊन या आणि कपड्यांचा एक जादा जोड ठेवा.”

अर्चना गंभीरपणे म्हणाली, “खेळणं नाहीये. शब्दकोडं चालेल का?”

तरी आम्ही गेलो! मला वाटलं, निदान कुणी पुढचा पत्ता तरी देईल. रिसेप्शनवरच्या मुलीनं आम्हाला दोघींना बघितलं, मग आमच्या मागं बघितलं, मग टेबलावरून वाकून खाली बघितलं. “बाळ कुठंय?”

मी अर्चनाकडं बोट दाखवलं. “हे.”

तिथं मोठ्यांचं बघत नव्हते. पण आम्हाला बाहेर पडायला उशीर झाला, कारण बाळाला तिथल्या लाकडी रिंगा फार आवडल्या.

दुसरे डॉक्टर मोठ्यांचे होते आणि स्वतःही फार मोठे होते. त्यांनी विचारलं, “लग्न झालंय?” हो. “मूल?” मुलगी आहे. “नोकरी?” आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. “मग कसला ऑटिझम! नेटवर काहीतरी वाचता तुम्ही बायका. आता हेच बघा, ऑटिझमवाला माणूस डोळ्यात बघून बोलत नाही. तुम्ही केव्हापासून माझ्या डोळ्यात बघताय.”

“डोळ्यात नाही सर,” अर्चना म्हणाली. “तुमच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस उभा राहिलाय, त्याच्याकडं बघतेय.”

डॉक्टरांचा हात आपोआप भुवईवर गेला. तो आम्ही बाहेर पडेपर्यंत तिथंच होता!

पण जिना उतरताना अर्चना मध्येच पायरीवर बसली. “ते म्हणाले, काही नाहीये,” ती म्हणाली. “म्हणजे मग मी तीच. दगड.” मला त्या डॉक्टरांचा इतका राग आला की त्यांच्या दोन्ही भुवया उपटाव्याशा वाटल्या. मी शेजारी बसले. पुढची पाटी शोधूया, एवढंच म्हटलं.

*

वंदनाताईंना हा सगळा प्रकार पसंत नव्हता. “डॉक्टर-बिक्टर नंतर. आधी पोरीची दृष्ट काढा. साधं सोडून कुठं चाललात!”

दृष्ट काढायची म्हणजे मीठ, मोहरी, मिरच्या उतरवायच्या आणि विस्तवात टाकायच्या. ठसका लागला तर काही नाही. ठसका नाही लागला, तर दृष्ट जबरदस्त. हे शास्त्र घरात ठीक आहे. पण आम्ही मसाल्याच्या कंपनीत! वंदनाताईंनी नेमकी नमुन्याला आलेली मिरची घेतली, आंध्रातली सगळ्यांत जहाल, आणि घरच्यासारखी दोन नाही, चांगली मूठभर. उतरवली आणि दिली हॉट प्लेटवर टाकून. धूर ओढणारा पंखा लावायचा राहिला.

पुढचं काय सांगू! आधी आम्ही खोकत बाहेर पडलो. मग शेजारचं ऑफिस. मग पॅकिंगच्या बायका. मग सायरन वाजला आणि सगळी कंपनी पटांगणात! अर्चनानं कान दाबून धरले होते आणि शबाना समोर उभी राहून तिच्या हातांवर आपले हात दाबत होती. त्या वेळी मात्र अर्चनाला चाललं.

सायरन थांबला. जोशी साहेब रुमालातून शिंकत आले. “कुणी केलं हे?”

आम्ही सगळ्या आकाशाकडं बघायला लागलो. अर्चनाला कुणी विचारलं की ती सांगते.

“सर, वंदनाताईंनी. माझी दृष्ट काढत होत्या. ठसका सगळ्यांना लागला, म्हणजे मला दृष्ट लागलेली नाही. ते एक रूल आउट झालं.”

साहेब तीनदा शिंकले. डोळे पुसले. “मग काय आहे तुम्हाला?”

“ते अजून पेंडिंग आहे सर.”

*

शेवटी सिडकोतल्या एक मॅडम भेटल्या. वयानं आमच्यापेक्षा लहान, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी नुसता हळदीचा रंग बघावा तसं वरवर बघून पास केलं नाही की नापास केलं नाही. बऱ्याच बैठका झाल्या. त्यात काय झालं ते शेवटी सांगते. रिपोर्टचं आधी सांगून टाकते.

एका सकाळी अर्चना पेढे घेऊन आली. पहिला पेढा साहेबांना.

“वा! कशाचे? मुलगी पास झाली?”

“नाही सर. मी. रिपोर्ट आला. मला ऑटिझम आहे.”

साहेबांच्या तोंडात पेढा. गिळावा की काढावा, कळेना! शेवटी गिळला. “मग... म्हणजे मी अभिनंदन म्हणू का?”

“काहीही म्हणा सर. मनात असेल तेच म्हणा.”

साहेबांनी विचार केला. “आमच्याकडं येत्या रविवारी या,” ते म्हणाले. “खिचडीत मीठ वाढवायला सांगतो.”

शबानानं पेढा घेतला आणि अर्चनाची नजर लांबूनच उतरवली. “मुबारक हो! नाम मिल गया तेरे को!” वंदनाताई मात्र पेढा हातात धरून बसलेल्या.

“औषध काय दिलं गं?”

“औषध नाही ताई. मॅडम म्हणाल्या, हे असंच असतं, असंच राहणार. मी अशीच आहे.”

“बदलणार नाय?”

“नाही.”

वंदनाताईंनी पेढा तोंडात टाकला, डब्यातला दुसरा उचलला. “मंग बरंय,” म्हणाल्या. “मला तर घोर लागला होता. म्हटलं, बरी होऊन दुसरीच कुणी आली, तर आपण काय करायचं!”

*

आता तो दिवस, ज्या दिवशी माय आली.

सिडकोतल्या मॅडमना अर्चनाला लहानपणी बघितलेलं कुणीतरी हवं होतं. म्हणजे मायच. प्रकाशसमोर ती जावयाची भीड धरेल, म्हणून अर्चनानं मला सोबत घेतलं. माय सोयगावच्या एसटीतून उतरली ती भरताच्या वांग्यांची पिशवी घेऊन, डॉक्टरीणबाईसाठी. बारीक चणीची, डोक्यावर पदर, चेहरा घट्ट. लेकीकडं बघून म्हणाली, “वाळलीस.” लेक म्हणाली, “नाही, वजन तेवढंच आहे.” झालं, एवढंच!

रिक्षात माय माझ्या कानाशी आली. “बाई, माझं कुठं चुकलं, ते इचारतील का मला?”

“नाही हो माय. लहानपणीचं विचारतील फक्त.”

“तेच तर,” माय म्हणाली आणि पिशवी पोटाशी धरून बसली.

मॅडमनी छान विचारलं. लहानपणी अर्चना कशी होती?

“चांगली व्हती. उचलून घेतलं की आकडायची, खाली ठेवलं की गप. मंग मी खालीच ठेवायची, जवळ बसून राहायची.”

कपड्यांचं काही?

“नवा झगा टोचायचा तिला. लई रडायची. मंग मी नवा झगा आधी धुऊन धुऊन, दगडावर आपटून पार जुना करायची, तव्हा ती घालायची. जावा हसायच्या मला.”

आणि आवाज?

“पोळ्याला ताशे वाजायचे तर तिला धान्याच्या कणगीमागं बसवायची मी. वरून गोधडी टाकायची.”

मॅडम लिहायच्या थांबल्या. “माय, हे सगळं तुम्हाला वेगळं नाही वाटलं?”

“मला काय म्हाईत, बाई? माझी पहिलीच पोर. मला वाटलं, पोरी अशाच असतेत.”

अर्चना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. झग्याचं तिला माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं, सोयगावात झगे मऊच मिळतात!

मग मॅडमनी लग्नाचं विचारलं. मायचा चेहरा परत घट्ट झाला.

“लग्नाचं नका इचारू. सगळं गाव रडलं. हिच्या डोळ्यात टिपूस नाय. गाडीत बसली ती नीट समोर बघत. मला वाटलं, पोरीला आपलं काहीच नाय. मंग म्या तरी दारात कशाला उभं राहायचं? ती निघाली की मी आत जाते. चुलीपुढं बसून रडून घेते. तिला कशाला दाखवू?”

मी अर्चनाकडं बघितलं. तिनं मान वर केली होती.

“माय, तूच सांगितलं होतंस,” ती म्हणाली.

“काय सांगितलं म्या?”

“गाडीत बसायच्या आधी. दोन्ही हातांनी माझं तोंड धरलंस आणि म्हणालीस, ‘रडू नको बरं का, आर्चना. अजिबात रडू नको.’ मी नाही रडले. लई अवघड गेलं, माय. जीभ दातात धरून ठेवली होती. सिल्लोड येईपर्यंत तोंडात रक्ताची चव होती.”

मायचं तोंड उघडं राहिलं.

“अगं... अगं ते म्हणायचंच असतं! सगळ्या आया म्हणतेत!”

“मला कुणी सांगितलं नाही,” अर्चना म्हणाली. “आणि तू चिडलीस का, ते पण कुणी सांगितलं नाही. मी तर तू सांगितलेलंच केलं.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मी तर उघड रडत होते, मला कुणी नको म्हटलं नव्हतं. माय रडली नाही. ती उठली, लेकीपर्यंत गेली आणि तिच्या खुर्चीजवळ खाली फरशीवर बसली. अंगाला हात न लावता, नुसती जवळ.

संध्याकाळी आम्ही मायला सोडायला सेंट्रल बसस्टँडवर गेलो. मायला खिडकी मिळाली. शेजारची जागा रिकामी होती. माय खिडकीतून म्हणाली, “जा आता तुम्ही. उगी ताटकळू नका. आर्चना, जा बाई घरी, पोरगी वाट बघत असंल. म्या जाईन नीट. जा, नको थांबू.”

“बरं,” अर्चना म्हणाली आणि वळली. मीही वळले. नेहमीचंच होतं ते.

चार पावलं चाललो असू. अर्चना थांबली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, एखादा नमुना काही केल्या पास होत नसला की पडतात तशा.

“मंजू, हे ‘नको’ कसलं?”

“म्हणजे?”

“खरं, की जिलेबीचं?”

मी मागं बघितलं. माय खिडकीतून आमच्याकडं बघत नव्हती. पदर तोंडावर घेऊन दुसरीकडं बघत होती.

“जिलेबीचं,” मी म्हटलं.

अर्चनानं तिची डब्याची पिशवी माझ्या हातात दिली. “प्रकाशला सांग, मी उद्या येते.” आणि गर्दीतून, लोकांचे धक्के खात, कानावर हात ठेवून ती त्या गाडीत चढली.

गाडी हलली, तसा खिडकीतून मायचा आवाज आला, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल एवढा, “अगं उतर! कशाला आलीस? उतर म्हणते ना, नको म्हटलं ना म्या तुला!”

अर्चना उतरली नाही.